केळीवरची माशी: प्रणय कसा पाहायचा आणि वंश कुठे अडला ते कसं शोधायचं

नर-मादीची जोडी नळीत सोडली, आठवडा उलटला, मीडियमवर, म्हणजे नळीतल्या माश्यांच्या खाद्यावर, एकही अळी नाही, की मुलं लगेच वहीत लिहून मोकळी होतात: "नर वंध्य." हे वाक्य मी खोडायला लावते. रिकाम्या नळीमागे निदान पाच गोष्टी असू शकतात. नराने मादीकडे ढुंकूनही पाहिलं नसेल. तो मागे लागला असेल, पण मादीने दाद दिली नसेल. मीलन झालं असेल, पण शुक्राणू पोहोचले नसतील. अंडी घातली गेली असतील, पण फुटली नसतील. किंवा अळ्या निघाल्या आणि दुसऱ्याच दिवशी मेल्या असतील. या प्रत्येक पायरीवर वेगळी जनुकं कामाला असतात. पायरी ओळखल्याशिवाय जनुकाचं नाव घेणं हा निव्वळ अंदाज झाला.

यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते आणि विभागातल्या माश्या सांभाळते. हे लिहिते आहे ते बी.एस्सी.च्या मुलांसाठी, अकरावी-बारावीच्या शिक्षकांसाठी, आणि घरी एक चांगलं भिंग, मोबाइल आणि चिकाटी असलेल्या कुणाहीसाठी. केळी तर आपल्याकडे आहेतच.

आधी माशी कोणती ते पक्कं करून घ्या. पेरू, आंबा आतून सडवणारी, जिच्यासाठी शेतकरी मिथाइल युजेनॉलचे सापळे टांगतात, ती फळमाशी म्हणजे बॅक्ट्रोसेरा. तिचं कूळच वेगळं. आपल्याला हवी ती ड्रोसोफिला: अडीच-तीन मिलिमीटरची, लाल डोळ्यांची, पिकून काळ्या पडलेल्या केळीभोवती घिरट्या घालणारी. घरोघरी तिला चिलट म्हणून हाकलतात. थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात याच माश्यांमध्ये एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला, आणि जनुकं गुणसूत्रांवर बसलेली असतात हे त्या डोळ्यांच्या रंगावरून सिद्ध होत गेलं.

आधी थर्मामीटर, मग जनुक

परदेशी पुस्तकांत जे चार ओळींत उरकतात, ते खानदेशात सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त पाहावं लागतं. २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून प्रौढ माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात: एक दिवस अंडं, चार दिवस अळी, चार-साडेचार दिवस कोष. १८ अंशांना हाच काळ जवळजवळ दुप्पट होतो. ते चालतं, फक्त धीर धरावा लागतो. वरच्या बाजूला मात्र सवलत नाही. तापमान ३० अंशांच्या आसपास टिकून राहिलं की त्या उष्णतेत वाढलेले नर वंध्य निघतात. दिसायला धडधाकट असतात, मादीच्या मागे लागतात, मीलनही करतात, पण त्यांचे शुक्राणू नीट घडलेलेच नसतात. माद्या याच तापमानात त्यामानाने टिकून राहतात. म्हणजे एप्रिलमध्ये केलेल्या प्रयोगात "नर वंध्य" हे कदाचित खरंही असेल, पण त्यात जनुकाचा काही संबंध नसेल.

जळगाव-भुसावळचा पारा एप्रिल-मेमध्ये ४४-४५ च्या पुढे जातो. पंख्याखालची खोलीसुद्धा दुपारी ३५ च्या वर असते. म्हणून मी सांगते, दिवाळी झाली की सुरुवात करा आणि महाशिवरात्रीच्या सुमारास मोजणीचं काम आटोपतं घ्या. पावसाळ्यातही जमतं, पण तेव्हा बुरशी छळते. उन्हाळ्यात फक्त स्टॉक, म्हणजे पाळलेल्या माश्या, जिवंत ठेवायचा, तोही सगळ्यात थंड खोलीत. ज्यांच्याकडे बी.ओ.डी. इन्क्युबेटर (ठरलेलं तापमान राखणारं कपाट) आहे त्यांनीसुद्धा वीज गेली तर काय, हे ठरवून ठेवावं.

इन्क्युबेटर नसेल तर जाड थर्माकोलचं खोकं घ्या, नळ्यांभोवती साध्या पाण्याच्या बाटल्या ठेवा. पाणी लवकर तापत नाही आणि लवकर निवतही नाही, त्यामुळे दिवस-रात्रीतला चढउतार मऊ होतो. आमच्याकडे डिसेंबरच्या पहाटे १० अंश आणि दुपारी २८ असा फरक सहज पडतो, तो या बाटल्या सांभाळतात. खोक्यात कमाल-किमान थर्मामीटर ठेवा आणि दोन्ही आकडे रोज त्याच वेळी वहीत टिपा. निकाल वाचताना तुम्ही सगळ्यात आधी हेच पान उघडणार आहात.

माशी पकडणं आणि ओळखणं

केळीच्या लागवडीचा हंगाम कांदेबाग असो की मृगबाग, पट्ट्यात पिकलेली फणी कधीही मिळते. दोन-तीन जास्त पिकलेली केळी कुस्करा, चिमूटभर यीस्ट आणि थोडा गूळ घाला, रुंद तोंडाच्या बाटलीत भरा आणि तोंडाला कागदाचं नरसाळं लावा. फवारणी झालेल्या बागेजवळ ठेवू नका. घराच्या मागच्या अंगणात, गोठ्याजवळ, भाजीबाजाराच्या कडेला ठेवा. संध्याकाळी ठेवलं की दुसऱ्या दिवशी सकाळी माश्या आत असतात.

आता घाई करू नका. बाटलीतल्या सगळ्या माश्या एका जातीच्या नसतात. डोक्यापासून पाठीपर्यंत चंदेरी पांढरे पट्टे असलेली माशी दिसली तर ती झॅप्रिओनस इंडियानस. ती बाजूला काढा. फिकट, पिवळसर-तपकिरी माशी, जिच्या नराच्या पोटाचं टोकही काळं नसतं, ती बहुधा ड्रोसोफिला अननासी. भारतात ती सर्वत्र आहे आणि तिच्यावर आपल्याकडे, विशेषतः बनारस हिंदू विद्यापीठात, मोठं काम झालं आहे. आपल्याला हवी ती जात ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर; तिच्या नराचं पोट मागच्या बाजूला गोल आणि चकचकीत काळं असतं. पुढच्या पायावर काळ्या केसांची एकच आखूड ओळ असते, तिला सेक्स कोंब (इंग्रजी comb, म्हणजे कंगवा) म्हणतात. अननासीच्या नरात हे केस आडव्या ओळींनी, एकाखाली एक, बसलेले असतात. दोन जाती एका नळीत गेल्या तर वंश पुढे जाणारच नाही, आणि तुम्ही मात्र वंध्यत्वाचं जनुक शोधत बसाल.

माद्यांवरून जात ओळखणं अवघड जातं. त्यावर साधा उपाय आहे: रानातली एकेक मादी एकेका नळीत एकटी ठेवायची. ती आधीच मीलन करून आलेली असते आणि शुक्राणू तिने पोटात साठवलेले असतात, त्यामुळे नर नसतानाही ती फलित अंडी घालते. दहा-बारा दिवसांनी तिचे मुलगे बाहेर आले की त्यांचे पाय पाहा. जात कळते आणि एकाच आईपासून निघालेला वंशही हाती येतो. नळीवर गावाचं नाव आणि तारीख घाला.

मीडियम

भारतातल्या बऱ्याच प्रयोगशाळांत रवा-गुळाचं मीडियम चालतं: १ लिटर पाणी, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बारीक रवा, ८ ते १० ग्रॅम अगर. अगर म्हणजे किराणा दुकानातलं चायना ग्रास. ते उकळत्या पाण्यात पूर्ण विरघळवा, गूळ घाला, मग रवा भुरभुरत सतत ढवळा. पिठल्यासारखं ओघळतं असतानाच उतरवा. वाफ थोडी ओसरली की ७.५ मिलिलिटर प्रोपिऑनिक आम्ल मिसळा, त्याने बुरशी थांबते. आम्लाचा वास झोंबतो आणि कातडीवर पडलं तर भाजतं, म्हणून हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. नळीत दोन-तीन सेंटिमीटर ओता, वर मलमलचं फडकं टाका आणि रात्रभर राहू द्या. काचेवर वाफेचे थेंब राहिले तर माश्या चिकटून मरतात. सकाळी यीस्टचे चार दाणे टाकून कापसाचा बोळा लावा.

कुमारी माद्या

सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे. मादीने एकदा मीलन केलं की शुक्राणू तिच्या शरीरात साधारण दोन आठवडे वापरात राहू शकतात. मग तुमच्या नराची संतती कुठली आणि आधीच्या नराची कुठली, हे सांगता येत नाही.

कोषातून नुकतीच निघालेली मादी २५ अंशांना पहिले आठ तास मीलनाला तयार नसते. म्हणून सकाळी लवकर नळीतल्या सगळ्या माश्या काढून टाका आणि मग आठ तासांच्या आत ज्या नव्या निघतील त्यांतल्या माद्या वेगळ्या करा. कोवळी माशी ओळखू येते: अंग फिकट, पंख चुरगळलेले, आणि पोटाच्या पातळ कातडीतून एक गडद हिरवट ठिपका दिसतो. तो अळी असतानाच्या जेवणाचा उरलेला भाग असतो. ठिपका दिसला की ती मादी बिनधास्त घ्या.

तरीही पडताळा घ्याच. माद्या नर नसलेल्या नळीत तीन-चार दिवस ठेवा. त्या थोडीफार अंडी घालतील, पण अळी दिसली तर ती अख्खी नळी बाद. नर मात्र निघाल्याबरोबर एकेकटे ठेवा. गर्दीत वाढलेल्या नरांपेक्षा एकटा राहिलेला नर प्रणयाला जास्त उत्सुक असतो. प्रयोगासाठी दोघांचंही वय तीन ते पाच दिवसांचं असावं.

माश्या निवडताना बर्फावर ठेवलेली धातूची ताटली किंवा कार्बन डायऑक्साइड वापरून त्यांना गुंगवता येतं, पण हे प्रयोगाच्या आदल्या दिवशीच उरका. गुंगीतून उठलेला नर काही तास नीट वागत नाही. प्रयोगाच्या दिवशी तोंडाने ओढायची नळी वापरा: रबरी नळीचा तुकडा, पुढे मायक्रोपिपेटची टिप, आणि मध्ये मलमलची चकती, म्हणजे माशी तोंडात येत नाही.

दहा मिनिटं डोळे लावून

खोलगट काचपट्टी आणि वर कव्हरस्लिप एवढ्यावर काम भागतं. वेल्डिंग किंवा सुतारकाम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून अॅक्रिलिकच्या पट्टीला दीड सेंटिमीटर व्यासाचं भोक पाडून घेतलंत तर आणखी छान. खाली-वर काच लावली की झाली प्रणयाची खोली. सकाळची वेळ निवडा आणि जवळ ओला कापूस ठेवा. आपली हिवाळी हवा कोरडी असते आणि माशी पटकन सुकते. आधी मादी सोडा, तिला स्थिरावू द्या, मग नर. मोबाइलला क्लिपवाली मॅक्रो लेन्स लावून सगळं रेकॉर्ड करा, पण पहिल्या वेळी तरी स्क्रीनकडे न बघता थेट भिंगातून पाहा.

नर आधी मादीकडे तोंड करून उभा राहतो. ती चालली की मागे चालतो. मग पुढचा पाय उचलून तिच्या पोटाला टपली मारतो. त्या पायावर चव ओळखणारे केस असतात आणि मादीच्या अंगावरचं ७,११-हेप्टाकोसाडाईन हे मेणासारखं द्रव्य त्यांना कळतं. ही मादी आहे आणि आपल्याच जातीची आहे, याची खूण त्याला इथे पटते. मग तो एक पंख, एकच, अंगापासून जवळजवळ काटकोनात बाहेर काढतो आणि थरथरवतो. बाजू बदलली की पंखही बदलतो: मादीच्या डोक्याकडच्या बाजूचा पंख पुढे येतो. व्हिडिओ संथ करून पाहिला तर पंखाची कड धूसर दिसते आणि मध्येच क्षणभर ठळक होते. अमळनेरकडची एक विद्यार्थिनी हे पहिल्यांदा पाहून वर्गात ओरडली होती, "मॅडम, त्याना पंख थरथरी ऱ्हायना!" (त्याचा पंख थरथरतोय!) ते गाणंच असतं. आपल्या कानाला ऐकू येत नाही, पण मेलानोगॅस्टरमध्ये त्याच्या ठोक्यांत सरासरी सुमारे ३५ मिलिसेकंदांचं अंतर असतं, आणि जात बदलली की हे अंतर बदलतं. मादी ते स्पर्शिकांनी ऐकते. पंख नसलेला नरही प्रणय करतो, पण त्याला होकार मिळायला फार वेळ लागतो.

गाण्यानंतर तो मागून येऊन मादीचं जननांग सोंडेने चाटतो, पोट पुढे वाकवतो आणि चढायचा प्रयत्न करतो. होकार असेल तर मादी चालणं मंदावते आणि उभी राहते. नकार असेल तर पळते, पंख झटकते, मागच्या पायांनी लाथा मारते. आधी मीलन झालेली मादी अंडी घालायची नळी पोटाच्या टोकातून बाहेर काढून दाखवते. ते दिसलं तर कुमारी म्हणून घेतलेली तुमची मादी कुमारी नाही.

मोजायचं काय? सोडल्यापासून पहिल्यांदा पंख निघेपर्यंतचा वेळ, मीलन सुरू होईपर्यंतचा वेळ, आणि मीलन किती टिकलं ते. मीलन साधारण १५ ते २० मिनिटं चालतं. फार लवकर सुटलं तर शुक्राणू पोहोचलेच नसतील, म्हणून ती जोडी वेगळी नोंदवा. शिवाय प्रणयाचा निर्देशांक काढा: ६०० सेकंदांपैकी नर जितके सेकंद प्रणयात होता त्याची टक्केवारी. ४२० सेकंद असेल तर ७० टक्के. व्हिडिओवर हे मोजणाऱ्याला कुठला नर कोणत्या वंशाचा हे माहीत नसावं. दुसऱ्या कुणाला तरी मोजायला बसवा.

नर मागेच लागत नसेल तर

फ्रूटलेस या जनुकाची गोष्ट मी दर वर्षी सांगते. येल विद्यापीठात कुलबीर गिल वंध्यत्वाच्या संदर्भात म्युटंट, म्हणजे जनुकात बदल झालेल्या, माश्या तपासत होते. १९६३ मध्ये त्यांनी असे नर नोंदवले, जे वंध्य होते, पण त्यांचा दोष शुक्राणूंत नव्हता. ते नरांचा आणि माद्यांचा सारखाच प्रणय करत आणि मीलनापर्यंत जातच नसत. वंध्यत्व वागणुकीतून आलं होतं! पोटाकडे पाहायचं की वागण्याकडे, हे आधी ठरवा असं मी बजावते ते यासाठीच.

पुढे १९९६ मध्ये हे जनुक ओळखलं गेलं आणि त्याची चाल कळली. फ्रूटलेस नर-मादी दोघांतही असतं. त्याचा आरएनए (जनुकावरून बनणारी प्रत) मात्र दोघांत वेगळ्या तऱ्हेने कापून जोडला जातो. मादीत ट्रान्सफॉर्मर नावाचं प्रथिन असतं, ते ही जोडणी बदलतं, म्हणून नराचं प्रथिन तिच्यात तयारच होत नाही. नरात ते सुमारे २००० मज्जापेशींत तयार होतं. २००५ मध्ये एब्रू डेमिर आणि बॅरी डिक्सन यांनी माद्यांमध्ये नराची जोडणी घडवून आणली, आणि त्या माद्या दुसऱ्या माद्यांच्या मागे लागून पंख थरथरवू लागल्या. शरीराची घडण आणि गाण्याचा काही भाग डबलसेक्स या दुसऱ्या जनुकाकडे आहे. हे जाळं माशीचं आहे. माणसाच्या आवडीनिवडीला किंवा वागण्याला ते लावू नका. वर्गात हा प्रश्न येतोच, तेव्हा स्पष्ट सांगा.

दुसरं उदाहरण येलो जनुकाचं. पिवळ्या अंगाचे नर मीलनात मागे पडतात हे आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९१५ मध्येच लिहिलं होतं. कित्येक वर्षं दोष त्यांच्या गाण्याला आणि मेंदूला दिला गेला. २०१९ मध्ये दाखवलं गेलं की खरं कारण पायावरच्या त्या काळ्या केसांत आहे: रंगद्रव्य नसल्याने सेक्स कोंब कच्चा राहतो आणि नराला मादीवर पकडच घेता येत नाही. जनुक वागण्यात फरक पाडतं म्हणजे ते मेंदूतच काम करतं असं नाही. म्हणून व्हिडिओ शेवटपर्यंत पाहा. चढण्याचा प्रयत्न होऊन घसरतोय की प्रयत्नच नाही, यात सगळा फरक आहे.

मीलन झालं, पण संतती नाही

आता दोघांनाही तपासायचं, आणि वेगवेगळं. संशयित नराला एकामागून एक दोन-तीन खात्रीच्या कुमारी माद्या द्या. संशयित मादीला खात्रीचा नर द्या. आपल्या गावांत लग्नाला दोन-तीन वर्षं होऊन पाळणा हलला नाही की तपासण्या सुनेच्या सुरू होतात आणि मुलगा दवाखान्याची पायरीही चढत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि मला त्याचा राग येतो. माशीच्या नळीतसुद्धा एकालाच तपासून निष्कर्ष काढायची पद्धत नाही.

मग अंडी पाहा. काळ्या द्राक्षांचा रस घालून अगरची गडद ताटली करा, वर यीस्टचा ठिपका लावा आणि मादीला रात्रभर तिथे ठेवा. अर्धा मिलिमीटरचं पांढरं अंडं आणि त्याच्या टोकाचे दोन बारीक तंतू गडद रंगावर स्वच्छ दिसतात. अंडी मोजा आणि २५ अंशांना दीड दिवस थांबून फुटलेली मोजा. न फुटलेली पांढरीच राहिली तर बहुधा ती फलितच झाली नव्हती. तपकिरी पडली तर आत गर्भ वाढायला लागून मेला. या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, एका रकान्यात घालू नका.

अंडी पांढरीच राहिली आणि मीलन तर तुम्ही डोळ्यांनी पाहिलं, तर शुक्राणू बघा. कॉलेजचा सूक्ष्मदर्शक लागेल. मीठ-पाण्याच्या थेंबात मादीचं पोट उघडलं की दोन तपकिरी गोल कोश आणि एक वेटोळी नळी दिसते, शुक्राणू तिथे साठतात. मेलानोगॅस्टरचा शुक्राणू जवळजवळ १.९ मिलिमीटर लांब असतो, म्हणजे नराच्या अंगाच्या जवळपास. जिवंत असेल तर त्या नळीत नुसती वळवळ दिसते. काहीच हालचाल नसेल तर नराकडे वळा.

इथे गुणसूत्रांचा एक सुंदर पुरावा आहे. कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी १९१६ मध्ये वाय गुणसूत्र नसलेले नर दाखवले. माशीत वाय नसला तरी नर हा नरच राहतो. तो दिसतो नरासारखा, वागतो नरासारखा, पण त्याचे शुक्राणू हलत नाहीत आणि तो पूर्ण वंध्य असतो. म्हणजे प्रणय आणि फलनक्षमता इतक्या स्वच्छपणे वेगळ्या होतात. ट्यूडर जनुकात दोष असलेल्या आईची संतती तर आणखी वेगळी: आई स्वतः प्रजननक्षम, जगलेली मुलं धडधाकट, पण त्यांच्यात जननपेशीच नसतात. दोष आईच्या जनुकात आणि वंश खुंटतो मुलांपाशी.

सूक्ष्मदर्शक नसेल तर मादीच्या वागण्यावरूनही अंदाज येतो. नराच्या वीर्यद्रवात सेक्स पेप्टाइड नावाचं छोटं प्रथिन असतं, ते १९८८ मध्ये ओळखलं गेलं. त्यामुळे मादी जास्त अंडी घालते आणि पुढच्या नराला नाकारते. हे पेप्टाइड शुक्राणूंच्या शेपटीला चिकटून राहतं आणि हळूहळू सुटतं, म्हणून नकार आठवडाभर टिकतो. नराने द्रव दिला पण शुक्राणू दिले नाहीत, तर नकार एक-दोन दिवसांत ओसरतो. तेव्हा मीलनानंतर तिसऱ्या दिवशी मादीसमोर नवा नर सोडा. तिने त्याला लगेच स्वीकारलं तर आधीच्या नराकडून शुक्राणू आले नव्हते असा संशय घ्यायला जागा आहे.

गर्भ मरत असतील, अंडी तपकिरी पडत असतील, तर वोल्बाकिया या पेशीतल्या जिवाणूचाही विचार करा. लागण असलेला नर आणि लागण नसलेली मादी अशा जोडीत अंडी फुटण्याचं प्रमाण घटू शकतं. मेलानोगॅस्टरमध्ये हा परिणाम सौम्य असतो, काही इतर जातींत तीव्र.

आणखी एक सापळा मुद्दाम सांगते, कारण तो उष्णतेशी जोडलेला आहे. रानटी माश्यांत विसाव्या शतकात पी नावाचा उडता, म्हणजे गुणसूत्रांत जागा बदलणारा, जनुकघटक जगभर पसरला. कॅन्टन-एस, ओरेगॉन-आर यांसारखे जुने प्रयोगशाळेतले वंश त्याच्या आधी पकडलेले, त्यांच्यात तो नाही. जुन्या वंशाची मादी आणि पी असलेला रानटी नर यांची संतती गरम जागी, २८-२९ अंशांना वाढली तर तिच्या जननग्रंथीच खुरटू शकतात. तेच मीलन उलटं लावलं, रानटी मादी आणि जुन्या वंशाचा नर, तर असं होत नाही. म्हणून आपल्या केळीवरच्या माश्या मागवलेल्या स्टॉकशी जुळवायच्या असतील तर दोन्ही बाजूंनी लावा आणि तापमान २५ च्या वर जाऊ देऊ नका.

डोळ्यांच्या रंगावरून बाप ओळखा

पांढऱ्या डोळ्यांचा वंश म्हैसूर विद्यापीठाच्या ड्रोसोफिला स्टॉक सेंटरसारख्या ठिकाणाहून कॉलेजमार्फत मागवता येतो. मग एका नळीत पांढऱ्या डोळ्यांची एक कुमारी मादी, एक लाल डोळ्यांचा नर आणि एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सोडा. पहिलं मीलन सुटलं की मादीला एकटीला नव्या नळीत हलवा. तिचे मुलगे सगळे पांढऱ्या डोळ्यांचेच निघणार, कारण डोळ्यांच्या रंगाचं हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलग्यांचं एक्स आईचं. मुलींकडे पाहा: लाल असतील तर बाप लाल, पांढऱ्या असतील तर बाप पांढरा. मीलन पाहायला तुम्ही नव्हतात तरी मुली साक्ष देतात.

अशा निदान २० नळ्या लावा, कमी असतील तर योगायोगच दिसेल. उजेडात लाल डोळ्यांचे नर बहुधा बरेच पुढे जातात, कारण पांढऱ्या डोळ्यांत बाजूचा उजेड अडवणारं रंगद्रव्य नसतं आणि त्या नराला मादी नीट दिसत नाही. मग हाच प्रयोग गडद लाल दिव्याखाली करा. माशीला तो रंग जवळजवळ दिसत नाही, दोघेही नर अंधारात असल्यासारखे होतात आणि अंतर बरंच कमी होतं. दोन्ही वंश आधी एकमेकांत काही पिढ्या मिसळून घेतले तरच फरक त्या एका जनुकाचा म्हणता येईल, नाहीतर तो दोन वंशांतल्या शेकडो इतर फरकांचाही असू शकतो.

काम संपलं की नळ्या बोळ्यासकट रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि मगच धुवा. मागवलेले म्युटंट बाहेर सोडायचे नाहीत. जो वंश ठेवायचा असेल त्याच्या दोन नळ्या करा, दोन वेगळ्या घरांत किंवा खोल्यांत ठेवा आणि दर तीन आठवड्यांनी नव्या मीडियमवर पलटा.